ब तुकडीतली पोरं

काकूंना ऑफसाइड कळायचं नाही, आणि कळून घ्यायची त्यांची इच्छाही नव्हती. "पुढे गेलेल्या पोराला मागे बोलवायचं, हा कसला नियम?" असं म्हणून तो विषय त्यांनी कायमचा मिटवला होता. बाकी मात्र सगळं ठाऊक असायचं. कोणाचा गुडघा सुजलाय, कोणाची बायको बाळंत व्हायचीय, कोणाला पुढच्या शनिवारी बाहेर बसवणार आहेत आणि का. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका शहरातला हा फुटबॉल क्लब. त्याचं नाव लिहीत नाही, कारण काकूंना ते कधी नीट उच्चारता आलं नाही आणि त्यांचं त्यावाचून अडलंही नाही. त्या क्लबला 'आपण' म्हणायच्या. "आज आपण बाहेरगावी खेळतोय." "आपला डाव्या बाजूचा लंगडतोय गो, त्याला बसवत का नाहीत?" लालबागमध्ये, बाराव्या मजल्यावर, खालून मिरची कुटल्याचा खाट येत असताना हे ऐकलं की नवा माणूस आधी शिंकायचा आणि मग गोंधळायचा.

मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहिले ते दोन वर्षांहून जरा कमी. कराडहून नोकरीसाठी आले होते, लोअर परळला ऑफिस. कोणीतरी पत्ता दिला म्हणून जागा बघायला गेले. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता आणि चाळीतल्या लोकांना त्यात घरं मिळाली होती. अख्ख्या मजल्यावर एकच दार सताड उघडं होतं. त्याला पाट्याचा दगड लावलेला. आत एक ठेंगणी, सावळी बाई पंख्याखाली गाऊनवर लोकरी मफलर गुंडाळून बसली होती. ऑक्टोबर चालू होता.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरी आहे. मॅच आहे," त्या म्हणाल्या. मग मला वरपासून खालपर्यंत बघून, "इंग्लिश येतं?"

"येतं."

"फास्ट बोललेलं कळतं?"

मी हो म्हणाले. स्वयंपाक येतो का, रात्री किती वाजता येणार, लग्न ठरलंय का, यातलं काहीही त्यांनी विचारलं नाही. मला ठेवण्यात आलं होतं ते दुभाषी म्हणून, हे मला त्याच संध्याकाळी कळलं. दुसऱ्या वर्गाच्या मॅचेस इथे टीव्हीवर फारशा दिसायच्या नाहीत. त्यांच्या इंग्लंडमधल्या मुलाने मोबाईलवर क्लबचा रेडिओ लावून दिला होता, त्यावर एक म्हातारासा माणूस धावतं वर्णन करायचा. काकू त्याला 'तो बाबा' म्हणायच्या. आता त्या बाबाचे उच्चार असे होते की मला त्यातलं निम्मंही कळेना. मी अडखळायला लागले तशा काकू म्हणाल्या, "मग तुला ठेवलं कशाला?" पण काढून टाकलं नाही. खरं तर त्यांना माझी गरजच नव्हती. बाबाचा आवाज चढला की आपलं काहीतरी चांगलं झालं, पडला की त्यांचं. एवढ्या भांडवलावर त्या अख्खी मॅच ऐकायच्या आणि बहुतेक वेळा बरोबर असायच्या.

तिथली उतरंड त्यांनी मला शाळेच्या भाषेत शिकवली. सगळ्यात वर अ तुकडी, तिच्यात श्रीमंतांची पोरं, ती सगळ्या जगाला टीव्हीवर दिसतात. तिच्याखाली ब. ब मधले पहिले काही जण वर्षाच्या शेवटी अ मध्ये जातात आणि तळाचे तीन क मध्ये ढकलले जातात. "आपण ब तुकडीत," काकू म्हणायच्या. "अ मध्ये जायची आपल्याला घाई नाही. पण क मध्ये नको गो बाय."

काकू मूळच्या कणकवलीजवळच्या. नवरा गिरणीत होता, तो लवकर गेला. त्यांनी परळच्या एका मोठ्या इस्पितळात हाडांच्या वॉर्डात आयाबाई म्हणून आयुष्य काढलं, मुलाला नर्सिंगला घातलं, आणि तो इंग्लंडला नोकरीला गेला. त्यामुळे त्यांचं इंग्रजी सगळं वॉर्डातलं होतं, आणि तेच त्यांनी फुटबॉलला लावलं होतं. पॉइंट टेबलचे तळाचे तीन म्हणजे आयसीयू. दोन मॅचेस जिंकलो की 'स्टेबल'. सारख्या हरायला लागलो की 'क्रिटिकल'. एखादा खेळाडू मैदानावर आडवा झाला, बाबाने कुठे लागलंय ते सांगितलं, की त्या स्वतःच्या पायावर बोटाने जागा दाखवून मला सांगायच्या, "इथली शीर. तीन आठवडे तरी बसला बघ."

मॅचच्या आधी गाऱ्हाणं असायचं. आमच्याकडे, घाटावर, हा प्रकार नाही. कोकणात देवापुढे उभं राहून मोठ्याने मागणं मागतात आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बाकीचे म्हणजे मी. देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवून, मफलर सारखा करून काकू सुरू करायच्या.

"बा देवा म्हाराजा! सातासमुद्रापलीकडे जी आपली अकरा लेकरां अर्धे चड्डे घालून थंडीत धावतत, तेंच्या पायात बळ दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा."

"मोठ्यान बोल. राखणदाराचे हात चिकट होवंदेत म्हाराजा!" राखणदार म्हणजे गोलकीपर.

"व्हय म्हाराजा!"

"रेफरीचे दोनय डोळे उघडे रवांदेत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि समोरच्यांचे पाय मोडूक नको म्हाराजा. तीय कोणाची तरी लेकरां. तेंका नुसता हरव म्हाराजा!"

हे चालू असताना समोरच्या दारातले कांबळेकाका आपली खुर्ची घेऊन यायचे. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, देवाधर्माच्या वाऱ्याला उभे न राहणारे. ते गाऱ्हाणं संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर थांबायचे आणि मग आत येऊन म्हणायचे, "वहिनी, गाऱ्हाणं तुमचं, मॅच माझी." तरुणपणी ते नायगावच्या मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळले होते. त्यांनी एकदा सुचवून पाहिलं, "एवढंच आहे तर वरच्या वर्गातली एखादी टीम धरा की. टीव्हीवर दिसेल तरी."

"माझा झिल त्यांच्या गावात राहतो का?" काकू म्हणाल्या. "मग?"

खरं कारण हेच होतं. मुलगा मुळात अबोल. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा आणि त्यात तीनच गोष्टी असायच्या. बरा आहे, जेवलो, थंडी आहे. काकू विचारून विचारून थकायच्या. सूनबाई कशी, नात काय म्हणते, ड्यूटी कशी, सगळ्याला उत्तर 'ठीक'. मग एका रविवारी त्याचा घसा बसलेला होता. त्यांनी औषध विचारलं तर म्हणाला, काही नाही, काल मॅचला ओरडलो. कसली मॅच रे? आणि मुलगा बोलायला लागला. बरोबरच्या कोणा नर्सने त्याला एकदा मैदानावर नेलं होतं, मग त्याने वर्षभराचं तिकीटच काढलं. कोण कसा खेळतो, आपण कसे हरलो, बाजूला बसणारा म्हातारा कसा शिव्या देतो. "दहावी झाल्यापासून माझ्याशी एवढा बोलला नव्हता गो," काकू मला म्हणाल्या. "मी म्हटलं, बाबू, अजून सांग. मला काय कळत होतं? डोंबल. पण तो बोलत होता ना."

असं करून त्या शिकल्या. मुलाला बोलतं करायला म्हणून सुरू केलं आणि मग स्वतःच त्यात गुंतल्या, मुलापेक्षा जास्त. सोसायटीची सभा एकदा शनिवारी संध्याकाळी होती. लिफ्टच्या दुरुस्तीवरून सेक्रेटरी आणि सातव्या मजल्यावरचे कोणी तावातावाने भांडत होते. काकू मफलर घालून पहिल्या रांगेत. साडेआठ जवळ आले तशा उठून उभ्या राहिल्या. "लिफ्ट बंद आहे हे सगळ्यांना कळलं. आपली मॅच सुरू होतेय. मी चालले, माझं मत दोघांच्याही विरोधात लिहा." आणि बारा मजले चढून, धापा टाकत, बाबाचं पहिलं वाक्य त्यांनी गाठलं.

मी सांगतेय तो दुसऱ्या वर्षीचा सीझन. ऑगस्टमध्ये सुरू झाला तेव्हा आपण बरे होतो. दिवाळीपर्यंत घसरगुंडी. नाताळच्या आधी त्यांनी कोचला काढलं, तर काकू दोन दिवस फणफणत होत्या. "पोरं नापास झाली की मास्तरला घरी पाठवतात होय?" नवा मास्तर आला, फरक शून्य. जानेवारीत आपण आयसीयूच्या दारात उभे होतो.

त्या महिन्यात एका शनिवारी नारळ ठेवून झाला, गाऱ्हाणं झालं, कांबळेकाका खुर्ची घेऊन आले आणि रेडिओवर बाबाऐवजी गाणी लागली. मी मोबाईलवर शोधलं. थंडीने मैदान गोठलं होतं, मॅच रद्द, पुन्हा केव्हातरी.

"मैदान गोठतं?" काकूंनी विचारलं.

"गोठतं. दगडासारखं होतं म्हणे."

"आणि तिथे पोरांना अर्ध्या चड्डीत उभं करतात," असं म्हणून त्यांनी नारळ फोडला आणि आम्हा दोघांना खोबरं दिलं. कांबळेकाका खुर्ची उचलून घरी गेले. विषय संपला.

रविवारी मुलाचा फोन आला. काकूंचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, कानाला लावला की कान गरम होतो म्हणून. मी भाजी निवडत होते. काकूंनी सवयीने विचारलं, "काल गेल्लंस मां मॅचक?"

"गेलेलो ना," तो म्हणाला. "नेहमीसारखंच. दुसऱ्या हाफला जरा बरे खेळले."

माझा हात थांबला. मी काकूंकडे पाहिलं. त्या फोनकडे बघत होत्या, जणू फोन पहिल्यांदाच बघत होत्या.

"बरा," त्या म्हणाल्या. "जेवलंस?"

"जेवलो."

"पोर काय करता?"

"झोपलीये."

"बरा. ठेव."

मग त्या उठल्या आणि दाराचा दगड बाजूला करून त्यांनी दार लावून घेतलं. मी तिथे राहायला आल्यापासून दिवसाढवळ्या ते दार बंद झालेलं मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने कांबळेकाकांनी बाहेरून हाक मारली, "वहिनी, बरंय ना?" काकू आतून म्हणाल्या, "झोपलेय."

"काकू, लगेच फोन करून विचारा ना," मी म्हणाले.

"विचारलं की दुसरं खोटं बोलेल." त्या माझ्यासमोर बसल्या आणि माझ्या पुढ्यातली मेथी ओढून घेऊन निवडायला लागल्या. "वॉर्डात बाप्ये यायचे हाडं मोडून. कुठे दुखतंय विचारलं की म्हणायचे, कुठे नाही. मग मी विचारायचं सोडलं. चादर बदलायला गेल्यासारखं करायचं आणि हळूच हात लावायचा. जिथे दुखतं तिथे माणूस आपोआप हलतो."

तो आठवडा घर शांत होतं. त्यांनी मफलर धुऊन वाळत घातला आणि घडी करून ठेवला. मुलाने खोटं का सांगितलं असेल याबद्दल माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. पण रात्री मला जाग आली की आतल्या खोलीत त्यांची कूस बदलल्याची पलंगाची कुरकुर ऐकू यायची.

पुढच्या रविवारी फोन वाजला. मी उठून आत जायला लागले तर त्यांनी मनगट धरून मला खाली बसवलं. आधी बांगड्याचा भाव झाला. कांबळेकाकांच्या मोतीबिंदूचं झालं. लिफ्ट अजून बंद आहे ते झालं. मुलगा हं, हं करत होता. मग काकू अगदी हलक्या आवाजात, चादर ओढावी तसं म्हणाल्या, "बाबू, ती मागल्या आठवड्याची शनवारची मॅच झालीच नाय रे. मैदान गोठलेला."

 फोन कट झाला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. चालू होता.

"आई," तो म्हणाला. काकूंनी त्याला घाई केली नाही, त्या फक्त थांबल्या. मी असते तर मध्ये दहा वेळा हॅलो हॅलो केलं असतं.

"ती गेली, आई. पोरीला घेऊन. गणपतीच्या आधीच."

हळूहळू सगळं बाहेर आलं. भांडणं अशी नव्हतीच. बोलणंच नव्हतं. याच्या रात्रपाळ्या, तिच्या दिवसपाळ्या, महिनोन्‌महिने घरात दोघं एकमेकांना फक्त चिठ्ठीतून भेटत. तिने दुसऱ्या शहरात नोकरी घेतली आणि पोरीला तिथल्या शाळेत घातलं. पोर पंधरा दिवसांनी एकदा भेटते. आईला कसं सांगायचं ते कळेना, म्हणून सांगितलंच नाही.

मला वाटलं आता काकू रडतील, नाहीतर सुनेला शिव्या घालतील. त्यांनी मॅचला न जाण्याचं कारण विचारलं, "मॅचक कित्याक जाणस नाय?"

"आई, मी काय सांगतोय आणि तू काय..."

"ऐकलंय मी. मॅचक कित्याक जाणस नाय?"

तो म्हणाला, "सगळे आपापल्या पोरांना घेऊन येतात तिथे."

काकूंनी डोळे मिटले. माझं मनगट अजून त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी केवढ्याने दाबलं ते त्यांना कळलंही नसेल. पण आवाज तसाच होता. "येत्या शनवारी जायचा. थंय बसान माका फोन करायचो."

"तू ऐकतेस ना रेडिओवर."

"रेडिओवर तो बाबा बोलता. माका तू बोलूक होयो."

त्या शनिवारी मॅच सुरू व्हायच्या आधी फोन आला. त्यातून आवाज आला तो समुद्राचा वाटला, मग कळलं ती माणसं होती. मुलाला ओरडून बोलावं लागत होतं. काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "कानटोपी घातलंस?" आणि दुसरा, "बाजूक कोण?" बाजूला तोच शिव्या देणारा म्हातारा होता. इतके महिने खुर्ची रिकामी होती, त्याने काही विचारलं का? "नाही," मुलगा म्हणाला. "काहीच नाही विचारलं. थर्मासमधलं सूप ओतून दिलं."

"शाणो माणूस," काकू म्हणाल्या.

तेव्हापासून दर शनिवारी रेडिओ आणि मुलगा दोन्ही एकदम चालू असायचे. मुलगा थोडा पुढे असायचा, बाबा थोडा मागे, त्यामुळे आम्हाला गोल आधी मुलाच्या ओरडण्यातून कळायचा आणि मग बाबा तो सावकाश सांगायचा. कांबळेकाका म्हणायचे, आपल्यासारखे भाग्यवान कोणी नाहीत, आपण एक गोल दोनदा ऐकतो. अर्थात आपले गोल फारसे होतच नव्हते. मुलगा जायला लागला म्हणून टीम जिंकायला लागली, असं काही झालं नाही. उलट फेब्रुवारीत आयसीयूत गेलो ते तिथेच राहिलो.

मधल्या काळात काकूंनी एक काम केलं, त्याचा मी घरात साक्षीदार होते म्हणून मला माहीत आहे. एका दुपारी त्यांनी सुनेला फोन लावला. मी मनातल्या मनात तयारी केली. काकू म्हणाल्या, "मी भांडूक फोन नाय केलंय. तू बरी आसस मां?" काकूंनी तेच पुन्हा विचारलं. तेव्हा सून रडली असावी. काकू म्हणाल्या, "गो, तुजा-तेचा काय ता तुमी बघा. पोरीचो आवाज ऐकव माका, आयतवारी येकदा." त्या पोरीला मराठी थोडंच यायचं, काकूंना वॉर्डातलं इंग्रजी. तरी पुढे दर रविवारी त्या दोघी काय बोलायच्या देव जाणे, हसताना ऐकू यायच्या.

"राग नाही आला तुम्हाला तिचा?" मी नंतर विचारलं.

"आला तर. दोघांचाही आला. पण इथे बाराव्या मजल्यावर बसून रेफरीची शिट्टी कुठे मारू?" त्या म्हणाल्या आणि मिरच्या उन्हात पसरायला गेल्या.

शेवटची मॅच मे महिन्यात. त्या दिवशी सगळ्यांच्या मॅचेस एकाच वेळी असतात, आपल्याकडे संध्याकाळी पाचला. आपण जिंकलो आणि दुसरा एक क्लब हरला, तर आपण वाचणार होतो. उकाडा भयंकर. काकूंनी तरी मफलर घातलाच. कांबळेकाका मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर काळा चष्मा लावून आले. मुलगा मैदानावर होता, फोन पाटावर ठेवला होता, आणि तो दुसरा क्लब काय करतोय हे बघायचं काम माझ्याकडे होतं.

हाफटाइमच्या आधी आपण एक गोल केला. मुलगा असा ओरडला की फोन पाटावरून घसरला. तिकडे तो क्लबही मागे होता. काकूंनी हात जोडले ते सोडलेच नाहीत. मग शेवटची काही मिनिटं राहिली असताना मुलाच्या बाजूचा समुद्र एकदम ओसरला.  थोड्या वेळाने बाबाचा आवाज पडला. आपल्या राखणदाराच्या हातातून चेंडू सुटला होता.

"बरोबरी," मी म्हणाले. "आणि तिकडे ते पण बरोबरीत आले."

"म्हणजे?"

"म्हणजे आपण गेलो, काकू."

शिट्टी वाजलेली आम्हाला दोनदा ऐकू आली. मग फोनमधून टाळ्यांचा आवाज यायला लागला. आधी इकडून तिकडून, मग सगळीकडून, आणि कोणीतरी गाणं उचललं ते हजारो माणसं म्हणायला लागली.

"हरलो मां आपण? मगे टाळ्यो कसले?" काकूंनी फोनवर वाकून विचारलं. "बाबू?"

मुलाचा नुसता श्वास ऐकू येत होता, मोठा, तुटक, धरून ठेवलेला. काकूंना तो माझ्याआधी कळला. त्यांनी फोन उचलून तोंडाशी नेला.

"रड रे बाबू," त्या म्हणाल्या. "रड. आज थंय सगळेच रडतत. तुजा कोणाक कळाचा नाय."

आणि तो रडला. फुटबॉलसाठी माणूस असा रडत नाही हे आम्हा तिघांनाही कळत होतं. कांबळेकाकांनी खुर्ची न उचलता फक्त चपला उचलल्या आणि आवाज न करता बाहेर गेले. मी रेडिओ बंद केला. काकू फोन हातात धरून मध्ये मध्ये एवढंच म्हणत होत्या, हां. हां. हां. गाणं संपलं, लोक पांगले असावेत, तरी त्यांनी फोन ठेवला नाही.

त्यानंतर लवकरच मी लालबाग सोडलं. लग्न झालं, ठाण्याला आले. मुलगा अजून तिथेच आहे, एकटाच आहे. पण पोर आता दर शनिवार-रविवार त्याच्याकडे असते, आणि काकूंच्या म्हणण्याप्रमाणे तो हल्ली फोनवर इतका बोलतो की मध्येच भाकरी करपते. क्लब क तुकडीत आहे. तिथेही बेताचंच चाललंय.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. पायऱ्या चढून आले होते, लिफ्टचं काम पुन्हा निघालं होतं. काकूंनी पाणी दिलं, आणि माझा श्वास जागेवर यायच्या आत सांगायला सुरुवात केली. मुलगा पोरीला पहिल्यांदा मॅचला घेऊन गेला होता. काकू फोनवर होत्याच. मैदानात दोन्ही टीम उतरल्या, लोक ओरडायला लागले, तशी पोर घाबरून बापाला चिकटली आणि त्याच्या कानाशी तिने विचारलं, ते काकूंनी फोनमधून स्वच्छ ऐकलं.

"काय विचारलं?"

"इंग्लिशमध्ये विचारलं गो. 'विच वन्स आर आवर्स?' म्हणाली." त्यांनी ते वाक्य एकेक शब्द सुटा करून, वॉर्डातल्या औषधाच्या नावासारखं म्हटलं. मग माझा हात धरला. "तुला इंग्लिश येतं, तू सांग. 'आवर्स' म्हणजे आपलेच ना?"